चार्टमधलं नाव
ओल्या खळीचा वास आला की मला नव्वदच्या दशकातला बंगळूर स्टेशनचा फलाट आठवतो. मी पीयूसीला, म्हणजे अकरावीला होते आणि कॉलेज सुटलं की बुद्धिबळ, एवढाच नाद होता. पुण्याच्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली, पण तिकीट वेटिंगवर अडकलं. मुलीनं एकटीनं इतक्या लांब जाणं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुळीच पसंत नव्हतं. "चार्टमध्ये नाव नसलं तर घरी यायचं, सरी? कळलं ना?" असं बजावूनच ते चामराजपेटहून माझ्याबरोबर रिक्षात बसले. डब्यावर खळीनं नुकताच चिकटवलेला चार्ट मी दोनदा वाचला. नाव दिसेना. गाडी सुटायला दहाच मिनिटं उरली होती. "नाहीये," म्हणत मी बॅग उचलली. अण्णा चष्मा पुसून चार्टसमोर उभे राहिले आणि एकेका ओळीवरून सावकाश बोट फिरवू लागले. "स्वल्प थांब," ते म्हणाले, "हे बघ, इथं आहे तुझं नाव. चढ लवकर." घाबरलेली माझी नजर नेमकी त्याच ओळीवरून घसरली होती. त्या दिवशी ते नुसते गप्प राहिले असते, तरी मी निमूट त्यांच्यामागून घरी गेले असते. हे माझ्या लक्षात यायला मात्र पुढची वीस वर्षं लागली.