नव्या होडीचा फोटो

मालवणात माझं सायबर कॅफे होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की एक खलाशी रोज कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर येऊन बसे. नाव मी कधी विचारलं नाही. माऊस तो दोन बोटांत धरायचा, जिवंत खेकडा धरावा तसा. एका परदेशी व्हिडिओ गेमसाठी त्याने मालवणी होडी तयार करून इतर खेळाडूंनी आपल्या खेळात घ्यावी म्हणून साइटवर ठेवली होती, पण कुणी डाउनलोड करीना. लोक आधी फोटो बघतात आणि याचा फोटो अगदीच काळपट होता.

"मागे मावळतीचो सूर्य चिकटय मरे," मी म्हटलं.

"नाय काकी. फोटोत जा दिसता, ता खेळात दिसाक व्हया. नायतर लोक गाळी घालतले."

मी नीट बघितलं. "आणि नव्या होडयेचो हार खंय?"

त्याने कपाळावर हात मारला. हाराशिवाय नवी होडी आमच्याकडे पाण्यात जात नाही. "आवस माका घरात घेवची नाय!" तो आईच्या धाकाने म्हणाला.

हार नुसता फोटोत रंगवणं त्याला पटणारं नव्हतं. दुपारभर खपून त्याने तो खेळातल्या होडीलाच घातला, होडी उन्हात वळवली आणि मग फोटो काढला. झेंडू लांबूनही पिवळाधमक दिसत होता.

दुसऱ्या दिवशी डाउनलोड सुरू झाले. एका परदेशी माणसाने विचारलं होतं, ही पिवळी दोरी कशी काढायची? मी त्याला ते वाचून दाखवलं.

"लिवा काकी," तो म्हणाला, "काढू नको, बुडतलस."

मी इंग्रजीत तस्संच लिहिलं. नव्या होडीच्या बाबतीत मलाही धोका पत्करायचा नव्हता.