चाळीसच्या वर नाही!

गॅरेजमध्ये गाड्यांचं काढलेलं ऑइल एका डब्यात साचत जातं. "उद्या टाकू" म्हणत कुणीच टाकत नाही. आमच्या किश्श्यांचंही तसंच. अप्पांच्या एका पांढऱ्या कारनंच एवढे किस्से दिले की डबा सांडायला आलाय!

मी लातूरला औसा रोडवर रऊफ चाचांच्या गॅरेजमध्ये काम करतो. नववीत शाळा सुटली. माणसांसमोर मला बोलायला जमत नाही, इंजिनासमोर जमतं. अप्पा म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, डाळीचे व्यापारी. त्यांच्या जुन्या कारचं इंजिन उतरवलं, तेव्हा चाचा म्हणाले, "दत्ता, हे पूर्ण तू बांध. मी हात लावणार न्हाई."

नव्यानं बांधलेलं इंजिन सुरुवातीला जपून चालवावं लागतं. त्याला आम्ही रनिंग म्हणतो. चाळीसच्या वर जायचं नाही, लोड टाकायचा नाही. अप्पांनी कारण विचारलं, तर चाचा म्हणाले,

"अप्पा, नव्या चपला घालून कुणी पळतं का? फोड येतात. इंजिनाला बी येतात!"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "रनिंगमध्ये निळा धूर आला, तर समज आत ऑइल जळून राहिलंय. मग तू परत पार्ट धुवायला. न्हाई आला, तर पुढचं इंजिन तुझं."

त्या दिवसापासून माझी नजर रस्त्यावर कमी आणि सायलेन्सरवर जास्त!

* * *

जो इंजिन बांधतो त्यानं रनिंगला सोबत बसायचं, ही चाचांची पद्धत. पहिल्याच दिवशी मी अप्पांच्या शेजारी बसलो. अप्पा शिस्तीचे. चाळीस म्हटलं होतं, ते तीसच्या वर गेलेच नाहीत.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या भरलेल्या, वर स्पीकरवर गाणी. तो आम्हाला ओव्हरटेक करून गेला! जाता जाता ड्रायव्हर वाकून ओरडला,

"अप्पा, टोचन लावू का? नेतो ओढत!"

अप्पांनी काच वर केली आणि म्हणाले, "इंजिन तुझं, इज्जत माझी चाललीय रे दत्ता!"

* * *

दुसऱ्या दिवशी अप्पांना तो ट्रॅक्टर आठवला असावा. काटा पन्नासला! आता एवढ्या मोठ्या माणसाला "हळू" कसं म्हणायचं? मी खोकलो. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि पाय उचलला. जमलं! मग काटा चढला की मी खोकायचो.

चार-पाच वेळा झालं. अप्पांनी एका मेडिकलसमोर कचकन गाडी थांबवली, आत गेले आणि बाटली घेऊन आले.

"पोरा, छाती भरलीय तुझी. आधी हे पी, मग बस गाडीत!"

प्यायलो. काय करणार? झोप आली. जागा झालो तेव्हा गाडी शिरूर अनंतपाळला उभी होती आणि अप्पा खुशीत चहा पीत होते. "आज मस्त पळाली!"

ती रात्र मी कशी काढली, मलाच माहीत.

* * *

सकाळी अप्पा-काकूंच्या घरी गाडी बघायला गेलो. गेटमधूनच दिसलं, बॉनेटमधून धूर! पायातली चप्पल गेटवर राहिली, मी पळालो. "काकू, पाणी! पाणी आणा!"

काकू शांतपणे तांब्या घेऊन आल्या. "पाणी कशाला? नैवेद्य दाखवून झालाय."

बघतो तर बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, आणि समोरच्या जाळीत अगरबत्त्यांचा अख्खा पुडा खोचलेला!

* * *

रनिंगची शेवटची फेरी लांबची निघाली. अप्पांच्या पुतण्याची सोयरीक अर्धापूरची, साखरपुडा तिथंच. अप्पा, काकू आणि मी, तिघंच. लोड नको म्हणून बाकीचे एसटीनं. नांदेडपर्यंत इंजिन लोण्यासारखं चाललं.

परतताना व्याह्यांनी डिकी उघडली. त्यांची केळीची बाग. एकेक घड आत जायला लागला. डिकी भरली, मागची अर्धी सीट भरली. घामानं माझा शर्ट ओला झाला आणि तोंडातून निघालंच,

"लोड चालत नाही!"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. व्याही म्हणाले, "हे कोण?"

अप्पा म्हणाले, "तुम्ही मुलीकडचे, आम्ही मुलाकडचे, हे इंजिनाकडचे!"

"मग त्यांचा मान वेगळा पाहिजे की!" म्हणत त्यांनी माझ्या मांडीवर आणखी एक घड ठेवला.

मान मोडता येत नव्हता, लोड ठेवता येत नव्हता. काकूंनी मार्ग काढला. नांदेडच्या स्टँडवर, मग लोह्याला, मग अहमदपूरला, दिसेल त्याला केळी वाटायची. लोह्याला एका म्हातारीनं केळी पदरात घेत विचारलं, "काय झालं ओ? पोरगा का पोरगी?"

काकू म्हणाल्या, "इंजिन!"

लातूरला पोचेपर्यंत थोडीच केळी उरली. चाचा वाट बघत उभे होते. त्यांनी गाडी चालूच ठेवायला सांगितली, खिशातला पांढरा रुमाल काढला आणि सायलेन्सरसमोर धरला. तेलाचे ठिपके पडले की माझा निकाल. अप्पा खाली उतरले, काकू उतरल्या. मी आतच बसून राहिलो.

चाचांनी रुमाल उजेडात धरून उलटा केला, सुलटा केला, घडी घालून खिशात ठेवला. डिकीतलं एक केळं घेतलं. सोलत सोलत आत गेले आणि खिळ्यावरची चावी घेऊन आले. ती त्यांच्या स्वतःच्या व्हॅनची होती. तिच्या बॉनेटला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

चावी माझ्या मांडीवर टाकली. "लई ऑइल पिऊन राहिली ही. उद्या इंजिन उतरव."

"मी?" एवढंच निघालं माझ्या तोंडातून.

"न्हाई, अर्धापूरहून केळीवाले येणार हायत!"