घासायची राहिलेली ताटली

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वडे तळत होतो. एका मुंजीची ऑर्डर होती, दीडशे माणसं. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, हो हो. कुणी येऊन मीठ कमी आहे सांगावं तसा म्हणालो, आणि पुढचा घाणा तेलात सोडला. तो काळा झाला. त्याच्या पुढचाही काळा झाला. शेवटी मदतीला असलेल्या मावशींनी गॅस बंद केला आणि मला स्टुलावर बसवलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले...

अशोकदादा मोठे इंजिनियर, जन्म तेलाच्या कंपनीत गेला, त्यातली बरीच वर्षं वर अलास्कात. मी चौथी नापास आचारी. आमची ओळख त्यांच्या मुलीच्या लग्नात झाली. मी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं आणि सगळ्या मांडवात ते सांगायला आलेले एकटे दादा होते. तेही मला बाजूला घेऊन, हळू आवाजात. रिटायर होऊन इकडं टेक्सासात शुगर लँडला आले तरी दर सप्टेंबरात ते वर शिकारीला जायचे. कॅरिबू, म्हणजे तिकडचं थोराड हरीण. एका वर्षी म्हणाले, बबन, चल माझ्याबरोबर, तिकडं डब्यातलं खाऊन कंटाळलो. मला वाटलं बंगला असेल. छोट्या विमानानं आम्हाला नदीकाठी सोडलं आणि ते उडून गेलं. तंबू, दगड आणि वारा. झाड म्हणून गुडघ्याएवढं झुडूप. लघवीला आडोसा शोधत मी अर्धा मैल चाललो.

दादांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मांस तंबूपासून शंभर पावलं लांब. खरकटं बाहेर ठेवायचं नाही, शीतसुद्धा नाही. मी म्हणालो, अस्वलं येतात का? म्हणाले, अस्वल माणसाला बघून विचार तरी करतं. वुल्व्हरीन विचार करत नाही. कुत्र्याएवढं जनावर, अस्वलासारखं केसाळ, पण लांडग्याच्या तोंडातलं काढून घेतं म्हणे. मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पहिल्या नंबरानं पास.

चौथ्या दिवशी माझ्या बापाची तिथी होती. पितृपक्ष चालू होता. बाप गेला तेव्हा माझे अमेरिकेतले कागद अडकलेले, गावी जाता आलं नव्हतं. दादांनी आदल्या दिवशी कॅरिबू मारलेला, ते दमून तंबूत झोपलेले. मी सकाळी भात केला, मधोमध मूद, वर तूप, बाजूला एक वडा. ताटली तंबूच्या मागं दगडावर ठेवली. तिकडचे कावळे कोंबडीएवढे असतात, म्हटलं बापाला सोयीचं पडेल. आणि चहा ठेवायला वळलो.

परत बघतो तर ताटलीवर ते वुल्व्हरीन. पिवळट पट्टा, काळं तोंड, आणि माझ्याकडं बघत बघत भात खातंय. मी ओरडलो आणि पळालो. ओरडणं ऐकून दादा नुसत्या मोज्यांवर बाहेर आले, ओल्या दगडावरून घसरले आणि गुडघा असा फिरला की आवाज मला लांबून ऐकू आला. आता दादा जमिनीवर, जनावर दहा पावलांवर, आणि मी दोघांपासून सगळ्यात लांब.

"बबन, पळू नकोस. माझ्या बाजूला ये. उभा राहा, मोठा दिस."

"दादा, मी आहे तो एवढाच आहे."

तरी आलो. कुकरच्या झाकणावर डाव आपटला. मग मूठभर तिखट फेकलं, वारा माझ्याच दिशेनं होता. डोळे उघडले तेव्हा त्यानं ताटली चाटून संपवली होती आणि सावकाश मांसाकडं चालत निघालं होतं.

धुक्यानं तीन दिवस विमान आलं नाही. ते जनावर मात्र रोज यायचं, न्यायचं तेवढं न्यायचं, उरलेल्यावर घाण वास सोडून जायचं. दादा तंबूच्या दारात पाय लांब करून बसलेले, मांडीवर बंदूक, आणि गोळी मारेनात. मी म्हणालो, मारा की. म्हणाले, अन्न आपण बाहेर ठेवलं, आता मारलं तर तो बचाव होत नाही, कायदाही तेच म्हणतो आणि मीही. मग विचारलं, ताटली बाहेर कशी राहिली?

"घासायची राहिली, दादा."

"बरं," म्हणाले.

गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं. वरचं जाणं कायमचं बंद. आणि मराठी मंडळात कुणी विचारलं की दादा सांगायचे, चूक माझी झाली, कॅम्प नीट आवरला नव्हता. मी शेजारी उभा राहून तिखटाचा किस्सा सांगायचो. लोक हसायचे.

यंदा फुफ्फुसांनी हात टेकले. हॉलमध्येच बेड टाकला होता. मी रोज पेज घेऊन जायचो. रोज ठरवून जायचो, आज सांगायचं. पण कुणीतरी भेटायला आलेलं असायचं, दादा म्हणायचे, बबन, तो किस्सा सांग, आणि मी सांगायचो. शेवटी एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेलेल्या, आम्ही दोघंच. नाकात नळी. डोळे मिटूनच म्हणाले,

"ती ताटली घासायची राहिली नव्हती ना रे? मूद होती. वर तूप होतं."

सगळं सांगायला मी पुढं सरकलो. बाप, तिथी, ते कागद, त्यांचा गुडघा. आणि तोंडातून काय निघालं, तर, "दादा, आता हातात बंदूक नाही म्हणून विचारताय होय?"

हसले. हसता हसता खोकला लागला, मग झोपले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो फोन.

मागच्या आठवड्यात वहिनींनी दादांचा अलास्कातला जाड कोट मला दिला. टेक्सासच्या गरमीत तो घालायचा कुठं? मी काम करतो त्या रेस्टॉरंटच्या फ्रीजरच्या खोलीत घालतो. बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबतात, कॉलरला अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे. परवा पनीर आणायला आत गेलो, दार लावून घेतलं. आत कुणी नाही, नुसते खोके. म्हटलं, आता सांगू. "दादा, त्याचं असं झालं," म्हणालो... आणि पुढचं वाक्य पुन्हा तिखटाचंच आलं. आपलं आपल्यालाच हसू आलं. मग पनीर न घेताच बाहेर आलो.