अकरा एकोणपन्नासची फाइल

तंजावूरच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवते. ती मुलगी माझ्या वर्गात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला सांगितलं होतं, की तू दुसरा विषय घे. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना मी सुरुवातीपासून तिच्या बाजूची होते असं कुणालाही वाटेल, आणि मी नव्हते.

तिला जन्मापासून दिसत नाही. तिरुवैयारूच्या पलीकडच्या एका गावातून ती टाउन बसने यायची आणि स्टॉपपासून काठी टेकत एकटी कॉलेजात पोचायची. घरी आमच्यासारखीच मराठी. इथली मराठी, निम्मी तमिळ मिसळलेली. वर्गात ती मला मॅम म्हणायची, आणि आजूबाजूला कोणी नसलं की अक्का.

"दुसरा विषय का घेऊ, अक्का? पडद्यावर असतं तरी काय? अक्षरंच ना? अक्षरं मला ऐकता येतात."

तिच्या कानात इअरफोन असायचा आणि पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तिच्या पेन ड्राइव्हवर असायचा. पण आमच्या लॅबमध्ये मुलं ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहायची, ते सगळं चित्रांचं आणि बटणांचं. चूक झाली की ओळीखाली लाल नागमोडी रेघ येते. तिचा प्रोग्राम तिला नुसतं "बटण, बटण, चित्र, बटण" एवढंच सांगायचा. महिनाभर ती तशी बसून राहिली आणि मी तिला बसू दिलं.

मग एक दिवस माझ्या मशीनवर ते सॉफ्टवेअर उघडेना. वर्ग समोर बसलेला. मी वैतागून कमांडची काळी खिडकी उघडली आणि आम्ही शिकत असताना करायचो तसं केलं: फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिली, काळ्या खिडकीत कंपायलरचं, म्हणजे लिहिलेलं तपासून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्याचं नाव, पुढे फाइलचं नाव, एंटर. तास संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"आज तुम्ही माउसला हात नाही लावलात. एकदाही टिकटिक झाली नाही. काय केलंत?"

मी सांगितलं. तिने तिथेच शेजारच्या मशीनवर करून पाहिलं. कंपायलरने चुका अक्षरांत लिहिल्या, ओळीच्या आकड्यासकट, आणि त्या तिच्या कानात वाचल्या गेल्या. तिचा चेहरा मला अजून आठवतो. मी तिच्याकडे न बघता टेबलावरचे कागद जुळवत राहिले.

त्यानंतर ती भराभर शिकली. पायथन भाषेचा इंटरप्रिटर तिला फार आवडायचा. एक ओळ लिहावी, एंटर दाबावं, लगेच उत्तर. सी या दुसऱ्या भाषेचा कंपायलर मात्र सगळी फाइल घेतो आणि चूक नसेल तर काहीच बोलत नाही. पहिल्यांदा ती गोंधळली.

"गप्प बसला म्हणजे बरोबर?"

"हो. गप्प बसला की प्रोग्राम तयार झाला. मग तो चालवायचा."

"माझ्या आत्यासारखा. जेवण चांगलं झालं की ती काही बोलत नाही."

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा आली. तीन तास, दोन प्रश्न: एक सीमध्ये, एक पायथनमध्ये. परीक्षक दोन: कॉलेजातली मी, आणि बाहेरच्या एका कॉलेजातून आलेले एक ज्येष्ठ गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलणं कमी. त्यांनी लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांची नजर थेट तिच्या इअरफोनवर गेली.

"हे काढा."

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मला तिची अडचण कळते. पण त्या वायरीतून तिला कोण काय सांगतंय हे मला कळत नाही. नियमात इअरफोन नाहीत. पेन ड्राइव्हही नाही."

"मग तिने पेपर कसा सोडवायचा, सर?"

बाकीची मुलं टाइप करायला लागली होती. ती खुर्चीत ताठ बसून होती, दोन्ही हात कीबोर्डच्या दोन बाजूंना. शेवटी तीच म्हणाली, "सर, इअरफोन नको. स्पीकर लावा. मला जे ऐकू येईल ते तुम्हालाही येईल."

स्पीकर लावला तर इतरांना त्रास, म्हणून तिला मागच्या लहान खोलीत बसवायचं ठरलं. तिथे जुनं मशीन होतं. परीक्षकांनी पेन ड्राइव्हवरची एकेक फाइल स्वतः उघडून पाहिली. स्पीकर शोधून आणेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. ती मिनिटं तिला परत मिळतील का, असं मी विचारलं, तर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बघू." लॅबमध्ये दुसऱ्या एका शिक्षिकेला बसवून ते स्वतः त्या खोलीत आले, आणि मलाही त्यांनी पडदा दिसेल अशा बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

तिने सुरुवात केली. नऊ आकडे घ्यायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला सांगायचा. स्पीकरमधून आवाज इतका भरभर यायचा की मला एक शब्द कळेना. तिला त्याच वेगाची सवय. टाइप करता करता ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची.

परीक्षकांनी मान वर केली. "ती काय म्हणतेय?"

"ओळी मोजतेय, सर."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. आमच्या घरची भाषा."

"तंजावूरमध्ये?"

"पिढ्यान्‌पिढ्या, सर."

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला दिसलं. दोघींची एक भाषा, जी त्यांना येत नाही, आणि बंद खोली. "आता इथून पुढे त्या भाषेत एक शब्द नको," ते म्हणाले. "दोघींनीही."

तिने ओठ मिटले. त्यानंतर ती मोजताना बोटं मांडीवर टेकवायला लागली आणि तिचा वेग उतरला.

बाराला दहा-बारा मिनिटं कमी असताना तिने कंपाइल केलं. कंपायलर गप्प. प्रोग्राम चालवला. नऊ आकडे आले, पण शेवटचा आकडा क्रमात नव्हता. आकडे क्रमाने लावणारा फेरा एकाने कमी पडत होता. ती क्षणभर थांबली, फाइल पुन्हा ऐकली आणि तिला चूक सापडली. ती ओळ तिने बरोबर दुरुस्त केली. पण दुरुस्त करताना खालचा एक महिरपी कंस चुकून पुसला गेला. मी पाहिलं. तिला कळलं नाही. मी मनात म्हटलं, हरकत नाही, कंपायलर सांगेल.

नेमकी तेव्हा वीज गेली. मशीन बॅटरीवर चालू राहिलं, पंखा थांबला, आणि खिडकीच्या खालीच असलेला कॉलेजचा जनरेटर घरघरत सुरू झाला. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. तिने एंटर दाबलं.

पडद्यावर चूक उमटली. स्पीकर बोललाही असेल, पण त्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही. तिलाही नाही. तिला वाटलं कंपायलर गप्प आहे, म्हणजे सगळं ठीक. तिने प्रोग्राम चालवला. उत्तर येणार हे ठाऊक होतं, म्हणून या वेळी ती स्पीकरकडे झुकली. पुन्हा तेच चुकीचं उत्तर.

झालं होतं असं: नवा प्रोग्राम तयारच झाला नव्हता. ती मघाचाच, जुना प्रोग्राम परत चालवत होती. डोळे असलेल्या कोणत्याही मुलाला पडद्यावर ते दिसलं असतं. तिने मात्र उलट अर्थ काढला, की आपली दुरुस्ती चुकली. ती फाइलमध्ये परत गेली आणि बरोबर केलेली ओळ पुसायला लागली.

मी खुर्चीतून उठले. परीक्षकांनी हात वर केला. "बसा, मॅडम."

"सर, मी काही सांगत नाही. खिडकी लावते फक्त."

"बसा."

"सर, पडद्यावर जे लिहिलंय ते इतर मुलांना दिसतं," माझा आवाज चढला होता आणि मला तो आवरत नव्हता. "तिला ते ऐकू येत नाहीये. खिडकी लावणं म्हणजे मदत नाही."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांनाही ती चूक दिसत होती, तिचा अर्थही कळत होता. बराच वेळ गेला असं मला वाटलं, खरं तर अर्धा मिनिट असेल. मग ते स्वतः उठले आणि खिडकी ओढायला लागले. कडी गंजलेली. त्यांनी रुमाल गुंडाळून जोर लावला तेव्हा ती बसली. घरघर कमी झाली, पण थांबली नाही.

तिने आमचं बोलणं ऐकलंच होतं. हात कीबोर्डवरून उचलून ती स्तब्ध बसली. मग पुसलेली ओळ परत लिहिली, सेव्ह केली, आणि कंपाइल न करता काळ्या खिडकीत तीन अक्षरं टाइप केली: फोल्डरमध्ये कोणत्या फाइली आहेत त्यांची यादी मागणारी कमांड. स्पीकर उचलून तिने कानाला लावला. यादीत प्रत्येक फाइलच्या नावाआधी ती शेवटची कधी लिहिली गेली याची वेळ असते. तिने यादी दोनदा ऐकली.

"अकरा एकोणपन्नास," ती तमिळमध्ये मोठ्याने म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. "मी लिहिलेली फाइल बारा सहाची. आणि चालतेय ती अकरा एकोणपन्नासची."

परीक्षक पुढे सरकून बसले.

तिने पुन्हा कंपाइल केलं, या वेळी स्पीकर कानाला घट्ट धरून, दुसरा कान तळहाताने झाकून. चूक ऐकली. फाइलच्या शेवटी काहीतरी अपुरं आहे. वरपासून एकेक कंस बोटांवर मोजत ती खाली आली आणि हरवलेला कंस घातला. पुन्हा कंपाइल. गप्प. पण आता त्या गप्प बसण्यावर तिचा भरवसा नव्हता. तिने पुन्हा यादी मागवली, वेळ ऐकली, आणि मगच प्रोग्राम चालवला. नऊ आकडे, सगळे क्रमाने. मधला बरोबर.

पायथनच्या प्रश्नाला पस्तीस मिनिटं उरली होती. एका फाइलमध्ये कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजायचं होतं. ती इंटरप्रिटरमध्ये एकेक ओळ करून बघत गेली, स्पीकर खांद्याने कानाशी दाबून. एक वाजला तेव्हा तिची मोजणी येत होती, पण शब्द क्रमाने लावायचे राहिले होते. मी परीक्षकांकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "पंचवीस मिनिटं सुरुवातीला गेली होती. ती चालू दे."

तिला पंधराच लागली.

मग तोंडी प्रश्न. त्यांनी ठरलेलाच विचारला, कंपायलर आणि इंटरप्रिटर यांत फरक काय. तिने पुस्तकातलं उत्तर दिलं, घाईघाईत, अडखळत. त्यांनी मान हलवली, आणि ती मान तिला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "बरोबर." मग जरा थांबून, "वेळ बघायचं तुला कसं सुचलं?"

"तुम्ही दोघं खिडकीवरून बोललात, सर. म्हणजे आवाजाचं काहीतरी आहे. मग मला वाटलं, मी मघाशी खरंच काही ऐकलं होतं का? ते ठरवता येईना. म्हणून यादी मागवली."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. निघताना मला म्हणाले, "अहवालात मी इअरफोनबद्दल लिहितो. तपासून द्यावेत म्हणून." त्यांच्या हाताच्या बोटाला कडीमुळे कापलं होतं आणि रुमालावर रक्त होतं.

दुपारी मी तिला स्कूटरवर बसवून स्टँडवर नेलं. ऊन तापलेलं होतं. बसची वाट बघत आम्ही पत्र्याखाली उभ्या राहिलो. मी तिला म्हटलं की पहिल्या आठवड्यात मी तुला दुसरा विषय घे म्हणाले होते, ते चुकीचं होतं.

"मला आठवतं," ती म्हणाली. तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग आमच्या मराठीत म्हणाली, "अक्का, एक सांगू? रागावू नका. मी चुकीची ओळ पुसत होते ना, तेव्हा तुमच्या बांगड्या वाजत होत्या."

"माझ्या?"

"सारख्या. त्यांची किणकिण त्या घरघरीतही वेगळी ऐकू येत होती. मला वाटलं, तुम्ही मला खूण करताय. आणि त्या सरांनाही तसंच वाटलं तर? म्हणून मी मुद्दाम तिकडे लक्ष दिलं नाही. तुम्ही उठून बोललात तेव्हा कळलं, की काहीतरी खरंच बिघडलंय."

माझे हात तेव्हा काय करत होते हे मला आठवतही नव्हतं. ती पास झाली तरी त्या आवाजावर बोट ठेवून कुणीही तिचा पेपर रद्द करू शकलं असतं. तिची बस आली. ती काठीने पायरी चाचपून चढली आणि कंडक्टरने तिला पुढची जागा दिली.

ती पहिल्या वर्गात पास झाली. पुढच्या सत्रात तपासलेले इअरफोन वापरायची परवानगी आली. आता ती तिरुच्चीत नोकरी करते, इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी मी आता बांगड्या काढून कपाटात ठेवते. आईला ते आवडत नाही. "मोकळे हात घेऊन कुठं निघालीस गे?" ती दारातून विचारते. परीक्षेला, एवढंच मी सांगते.