शनिवार तेवढा टाळा

शुक्रवारी दुपारी एकला दवाखान्यातून फोन आला, रूबेनअण्णा गेले. मी वडगावात घरच्या मागांवर होतो. एका मागाचा धोटा अडकला होता, आणि बातमी ऐकून मनात पहिलं आलं ते हे, की आता हा माग कोण दुरुस्त करणार? दोन महिने झाले, त्या विचाराची शरम अजून गेलेली नाही.

रूबेनअण्णा पॉवरलूमचे मिस्त्री. बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. आजोबा कोकणातून पलटणीत भरती होऊन बेळगावात आले आणि इथलेच झाले. बाकीची घरं कुणी इस्रायलला, कुणी ठाण्याला गेली. अण्णा आणि त्यांची बायको राहिली. मूलबाळ नव्हतं. बोलणं आमच्यासारखंच, कानडी तर माझ्यापेक्षा बरं. फक्त शुक्रवारी दिवस कलला की हातातला पाना खाली. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि सायकल काढायची, ते थेट रविवारी सकाळी उगवायचे. आम्ही मागवाले वार न बघणारी माणसं. लग्नसराईची घाई, आणि हा गडी घरात. "अण्णा, शनीला एवढं भिताय व्हय?" असं सगळेच चिडवायचे, सुरुवात माझी असायची.

एका शनिवारी चार माग बंद पडले तेव्हा मी रागानं त्यांच्या घरी गेलो. आज आले नाहीत तर कायमचं बंद, असं ठरवूनच. त्यांनी मला बसवलं, मनुकांचं सरबत दिलं. शब्बाथसाठी, म्हणजे त्यांच्या शुक्रवार सांजेपासूनच्या विसाव्याच्या दिवसासाठी, मनुका गुरुवारीच भिजत घालायची त्यांची पद्धत. "बापू, सहा दिस तुमचं," ते म्हणाले. "ह्यो सातवा माझा असता तर दिला असता. माझाच न्हाय, तर कुठनं देऊ?" मी सरबत पिऊन परत आलो. माग रविवारी सुरू झाले. काही बुडालं नाही.

बायको गेल्यावर एकदा म्हणाले, "आमच्यात माणूस गेल्यामागची प्रार्थना म्हणायला आमचीच धा माणसं लागत्यात, ती काय हितं मिळायची न्हाईत. ते सोडा. आंघोळ घाला, पांढरं कापड गुंडाळा. आन शनिवार तेवढा टाळा." मी "व्हय अण्णा" म्हणालो. म्हणायला काय जातंय...

कागदपत्रं हातात येईतो शुक्रवारचे सात वाजले. ठाण्याच्या त्यांच्या बहिणीला, एस्तेरआक्कांना, फोन लावला तर बंद. शब्बाथ लागला होता, त्यात त्या फोनला हात लावत नाहीत. रविवारपर्यंत थांबायला काहीच हरकत नव्हती, दवाखान्याच्या शवागारात जागा होती. पण रविवारी माझ्या मुलीचा साखरपुडा. पाहुणे निपाणीहून येणार, आचारी ठरलेला, मांडव घातलेला. गल्लीतले म्हणाले, उद्याच उरकून टाकू. अण्णांचं मागणं मला एकट्याला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आंघोळ घातली, पांढरं कापड गुंडाळलं. शनिवारी अकराला माती दिली. बाराला मी आचाऱ्याला सामानाची यादी सांगत होतो.

त्या संध्याकाळी चांदण्या दिसून शब्बाथ सुटल्यावर आक्कांचा फोन आला. अण्णा गेल्याचं आणि माती दिल्याचं सांगितलं. त्या रडत होत्या. "शुक्रवारी दुपारी गेला म्हणता... मग दफन शब्बाथच्या आधी झालं ना?"

"व्हय आक्का. दिवस बुडायच्या आत."

आक्का म्हणाल्या, "आमच्या माणसांना जमलं नसतं, ते तुम्ही केलंत. देव तुमचं भलं करो." मी तो आशीर्वाद ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पेढे वाटले.

गुरुवारी पुन्हा त्यांचाच फोन. "आज सातवा दिवस. उठले मी." त्यांच्यात दफनाच्या दिवसापासून सात दिवस मोजून, जमिनीवर बसून दुखवटा पाळतात, हे मला तेव्हा कळलं. मी बोटांवर मोजलं. अण्णांना माती दिली तो शनिवार धरून हा सहावाच दिवस होता. सांगता आलं असतं. आक्का अजून एक दिवस बसल्या असत्या, आणि मी खोटा ठरलो असतो, एवढंच.

मी म्हणालो, "तब्येत सांभाळा, आक्का."