दवाखान्याचा तारांकित प्रश्न

आमदार कायदे करतो, असं मी शाळेत नागरिकशास्त्रात लिहून चांगले गुण मिळवले होते. निवडून आल्यावर पहिल्याच अधिवेशनात तीन विधेयकांचा गठ्ठा आमदार निवासात नेला आणि दोन दिवस पेन्सिलीने खुणा करत वाचत बसलो. कुठे शंका, कुठे दुरुस्ती, समासात बारीक अक्षरात सगळं टिपलं. तिसऱ्या दिवशी सभागृहात नेहमीसारखा गोंधळ चालला होता. मी पाणी प्यायला बाहेर आलो आणि परत जाईपर्यंत माझ्या खुणांची तिन्ही विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली होती. त्यानंतर मी पेन्सिल नेत नाही.

मतदारसंघात तर कायद्याचं नावच कुणी काढत नाही. बीड जिल्ह्यातला आमचा भाग बालाघाटाच्या डोंगरातला. माणसं येतात ती जळालेला विजेचा डीपी बदलून द्या म्हणून, नाहीतर लग्नाला या म्हणून. लग्नाला नाही गेलं तर पुढची पाच वर्षं तोंड फिरवतात. एकदा धारूरच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं मला अडवून विचारलं, "मुंबईला जाऊन काय करता तुमी?" म्हटलं, कायदे करतो. तर म्हणे, "मग हितली कामं कोण करतं?" चारचौघं हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत धुमसत होतो.

एवढ्या सगळ्यात एकच हत्यार माझ्या हातात आहे असं मला वाटायचं. ते म्हणजे तारांकित प्रश्न. आमदारानं लेखी विचारायचं, 'अमुक ठिकाणी असं असं आहे, हे खरे आहे काय?' आणि मंत्र्यानं सभागृहात उत्तर द्यायचं. सरकारला उत्तर टाळता येत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटायची.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखात एक मावशी माझ्या कार्यालयात आली. साठीच्या पुढची, मेंढपाळ घरातली, उन्हानं रापलेली. कार्यालयात गर्दी होती, पण ती सरळ पुढे आली आणि तिनं माझ्या टेबलाजवळ पोतं ठेवलं. पोत्यात मेलेलं कोकरू होतं. माझा पीए ओरडला. मावशी त्याच्याकडं न बघता मला म्हणाली, "हे एकच दावायला आणलंय. गावात दवाखाना हाय, पाटी हाय, पण डॉक्टर न्हाई. दोन वर्सं झाली. पहिलं हिरवं गवत खाल्लं की मेंढ्या फुगून मरतात. पावसाच्या आधी लस टोचली तर वाचतात म्हणं. पर टोचायला माणूस नको का?"

तिच्याकडं दीडशे मेंढ्या होत्या. त्यांच्याशिवाय घरात दुसरं काही नव्हतं. शेत नाही, पगार नाही.

मी खात्याला फोन केले, पत्रं दिली. कळलं की डॉक्टरचं पद रिक्त आहे आणि तालुक्याच्या एका डॉक्टरकडं अशा चार दवाखान्यांचा कार्यभार आहे. 'बघतो साहेब' यापलीकडं कुणी काही बोललं नाही. माझं डोकं तापलं. पावसाळी अधिवेशनासाठी प्रश्न द्यायचे दिवस होतेच. मी स्वतः बसून प्रश्न लिहिला. गावाचं नाव घातलं, दवाखाना बंद आहे हे घातलं, मेंढ्या मरतात हे घातलं. आता कुठे पळतील, असं मनाशी म्हणालो.

अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास घोषणाबाजीत वाहून गेला. माझा प्रश्न पुकारलाच गेला नाही. छापील यादी मात्र हातात आली. उत्तर असं होतं: '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.'

मी ते तीनदा वाचलं. ते कोकरू माझ्या टेबलाजवळ पडलेलं मी पाहिलं होतं आणि सरकार मला सांगत होतं की प्रश्न उद्भवत नाही! मी तडक मंत्रालयात गेलो. खात्यातल्या एका कक्ष अधिकाऱ्यासमोर टेबलावर हात आपटला. तो शांत होता. त्यानं फाईल काढून माझ्यासमोर सरकवली. माझा प्रश्न मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तिथून थेट गावात गेला होता. गावात पंचनामा झाला होता. 'दवाखाना नियमित सुरू असून डॉक्टर येतात, आमची तक्रार नाही.' खाली पाच सह्या. पाचव्या सहीच्या जागी मावशीचा अंगठा होता.

"साहेब, आता आम्ही तरी काय लिहायचं?" तो म्हणाला.

इतका तोंडघशी मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो. अधिवेशन संपल्याबरोबर गाडी सरळ तिच्या गावाकडं घेतली. घाटात रस्ताभर मी तिलाच बोलत होतो, मनातल्या मनात. हिच्यासाठी मी भांडलो आणि हिनं अंगठा दिला. लोकांचं हे असंच, कशाला मरायचं यांच्यासाठी. रागात माणूस काय काय बोलतो ते सगळं बोलून झालं.

ती वाड्यावर होती. वाडा म्हणजे काट्यांचं कुंपण घातलेली मेंढ्यांची जागा. मी गाडीतून उतरलो तोच पंचनाम्याची झेरॉक्स तिच्यापुढं धरली आणि विचारलं, "मावशी, हा अंगठा तुमचा हाय का?"

तिनं कागद बघितलाच नाही. "माजाच असंल," ती म्हणाली. "कावून? काय झालं?"

"तुम्हीच सांगितलं डॉक्टर येत नाही, आणि तुम्हीच लिहून दिलं येतो म्हणून! मुंबईत माझं काय राहिलं?"

"सायेब, त्या दिशी डॉक्टर आलते की." ती माझ्याकडं बघून हसलीच. "मृगाच्या आधी दोन गाड्या आल्या. सायेब लोक, डॉक्टर, कंपाउंडर. लसीची पेटी. सगळ्या दीडशे मेंढ्यांना सुया दिल्या, लेकरावानी एकेकीला धरून. मग म्हणले, अंगठा द्या. दिला. यंदा एक न्हाई मेली."

मी उन्हात तसाच उभा राहिलो. काय झालं होतं ते हळूहळू उमगलं. माझ्या प्रश्नाला खोटं ठरवायला डॉक्टरला एक दिवस यावं लागलं होतं. त्याआधी दोन वर्षांत तो आला नव्हता आणि त्यानंतर येणारही नव्हता.

तिला मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं. तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, "तुमी काय इचारलं ते मला कळत न्हाई. पर पुढच्या वैशाखात पुना इचारा. उत्तर काय येईल ते येऊ द्या."

मला हसावं की रडावं कळेना. कायदे करणारा माणूस मी, आणि माझा उपयोग काय, तर सरकारला वर्षातून एकदा खोटं बोलायला भाग पाडण्यापुरता. पण पुढच्या वर्षी मी प्रश्न टाकला. त्याच्या पुढच्या वर्षीही टाकला. शब्द थोडे फिरवायचे, गाव तेच. दरवेळी छापून यायचं, हे खरे नाही. दरवेळी मृगाआधी गाड्या यायच्या आणि मावशी अंगठा द्यायची. मागच्या बाकावरचा एक सहकारी मला चिडवायचा, "काय राव, तुमच्या गावात सगळं ठीक आहे आणि तुम्ही कशाला रडता?" मी हसण्यावारी न्यायचो. चिडायचो मात्र रोज. सभागृहात मेंढ्यांची लस मिळवायला तीन वर्षं मी खोटारडा ठरत होतो आणि हीच माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट होती.

यंदा खात्याला नवे सचिव आले. सरळ माणूस, असं सगळे म्हणत होते. पावसाळी अधिवेशनात माझा प्रश्न पहिल्या पाचात लागला आणि पुकारलाही गेला. मंत्री उठले आणि म्हणाले, "हे खरे आहे."

माझा कानांवर विश्वास बसेना. पद रिक्त आहे हे मुंबईतल्या कागदावरच दिसत होतं, तेच सरळ कबूल केलं गेलं. पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे, असंही मंत्री म्हणाले. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. माझ्या पाठीवर थापा पडल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या पेपरात फोटोसह बातमी आली. चार वर्षांत पहिल्यांदा मी मुंबईत पोटभर जेवलो. खात्याला फोन करून लसीचं विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एकदा कबूल झालं म्हटल्यावर विचारायचं काय?

अधिवेशन संपून चार दिवस झाले असतील. डोंगरावर गवत वर आलं होतं. सकाळी कार्यालयात बसलो होतो तेव्हा मावशीचा फोन आला.

"सायेब, यंदा इसरलात का? कुणीच आलं न्हाई. अकरा गेल्या."

खोटं ठरवायचंच नव्हतं, तर गावात गाड्या कशाला येतील? हे मला आधीच कळायला हवं होतं. मी आमदार, तीन वर्षं तोच खेळ बघितलेला. तरी बाकं वाजली आणि मी हुरळून गेलो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला सांगितलं, "मावशी, विसरलो नाही. यंदा सरकारनं मान्य केलं. तुमचं म्हणणं खरं आहे, असं मंत्री भर सभागृहात बोलले."

फोनवर तिच्या मागे मेंढ्या ओरडत होत्या.

मग तिनं विचारलं, "मग पुढच्या साली तरी ते खोटं म्हणतील का, सायेब?"