सर पाली शिकायला बसले

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पीएच.डी.साठी मी विषय निवडला होता : ईश्वर आणि आत्मा न मानता धर्म उभा राहू शकतो का? बौद्ध विचार समोर ठेवून उत्तर शोधायचं होतं. मार्गदर्शक होते आम्हाला धर्माचं तत्त्वज्ञान शिकवणारे सर. बिद्रीकडच्या शेतकरी घरातले, दर शुक्रवारी देवीचं दर्शन न चुकवणारे. ते असला विषय कशाला घेतील, असं मला विभागात सगळ्यांनी सांगितलं. सरांनी विषय ऐकून घेतला आणि विचारलं, "पाली येते तुला?"

"नाही, सर."

"मलाही नाही. मग दुसऱ्यांच्या भाषांतरांवर किती दिवस काढायचे? शिकूया की."

ते आपलं बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील, असं मला वाटलं. पण थोड्याच दिवसांत त्यांनी शिकवणारे गुरुजी शोधून काढले. रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत राहणारे निवृत्त शाळामास्तर. धर्मांतरानंतर त्यांनी जिद्दीनं पालीचा अभ्यास केला होता. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माझ्या घरापासून ती वस्ती चालत जाण्याइतकी जवळ, पण मी तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

गुरुजींनी सरांसाठी खुर्ची ठेवली होती. सरांनी ती बाजूला सरकवली आणि माझ्याशेजारी सतरंजीवर मांडी घातली. पन्नाशीला आलेला माणूस, कोल्हापुरात मान असलेला, माझ्यासारखाच विभक्त्या पाठ करू लागला.

संस्कृत उत्तम असल्यामुळे सर सारखे घसरायचे. 'दुक्ख' लिहिलेलं असलं तरी 'दुःख' वाचायचे. गुरुजी एकदा वैतागले. "प्राध्यापकसाहेब, पुस्तक पालीचं आहे आणि तुम्ही संस्कृत वाचताय. डोक्यातलं जरा बाहेर काढून ठेवा." सर मात्र मान हलवून म्हणाले, "चुकलं, गुरुजी. पुन्हा वाचतो." आणि खरंच पुन्हा वाचलं, अगदी शाळकरी पोरासारखं, अक्षराअक्षरावर थांबत.

ही बातमी गावाकडे पोचायला वेळ लागला नाही. एका दुपारी मी सरांच्या घरी प्रबंधाचं प्रकरण दाखवायला गेले, तर त्यांचे चुलते गावाहून आलेले.

"पावण्यात बोलत्यात लोक," ते मोठ्यानं म्हणाले. "एवढा परफेसर हाईस, आन त्या वस्तीत जाऊन खाली बसतोस व्हय?"

"तात्या, त्यास्नी पाली येतीया, मला येत न्हाय. मग खाली कोण बसणार?"

"आन च्या बी पितोस म्हणं?"

"पितो की. लई ग्वाड करत्यात."

चुलते जेवण न करताच निघून गेले. सर त्यांना एसटी स्टँडवर सोडून आले, हातपाय धुतले आणि माझं प्रकरण उघडलं. त्यात मी ईश्वरवाद्यांचे युक्तिवाद दोन पानांत निकालात काढले होते. सर हसले. "माझ्या देवाला एवढ्या सहज चितपट करू नकोस. आधी त्याची बाजू त्याच्या भक्तापेक्षा चांगली मांड, मग पाड." ती बाजू कशी मांडायची, ते त्यांनी संध्याकाळपर्यंत मला समजावून दिलं. स्वतःच्या श्रद्धेवरचे आक्षेपही तेच अधिक धारदार करत होते. मन इतकं मोकळं असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सर गुरुजींना रिक्षानं घेऊन आले आणि पहिल्या रांगेत, विभागप्रमुखांच्या शेजारी बसवलं. बाहेरगावच्या परीक्षकांनी 'अनत्ता', म्हणजे 'आत्मा नाही', या शब्दावरून मला बराच वेळ धारेवर धरलं. उत्तरं पटल्यावर त्यांनी विचारलं, "पाली कुठे शिकलात?"

मी काही बोलायच्या आत सर उभे राहिले. "आम्हा दोघांनाही या गुरुजींनी शिकवली."

मग परीक्षकांनी उठून गुरुजींना नमस्कार केला.

मला पदवी मिळाली, विभागातच नोकरीही लागली. सरांचं वस्तीत जाणं मात्र थांबलं नाही. वाचन कमी आणि वाद जास्त, असं चालायचं. सर आत्म्याच्या बाजूनं, गुरुजी विरुद्ध. दोघांपैकी कुणीही तसूभर हललं नाही.

ऐंशी सालानंतर गुरुजी गेले. शोकसभेत सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मला अजूनही आत्मा आहे असंच वाटतं. पण ते यांच्यासमोर मांडायचं म्हणून मी आठवडाभर तयारी करायचो. आता तयारी कुणासाठी करू?" एवढं बोलून ते खाली बसले.

निवृत्त होण्याआधी सरांनी बौद्ध विचाराचा पेपर माझ्याकडे सोपवला. पहिल्या तासाला जाताना मी त्यांना विचारलं, "सुरुवात कशानं करू?"

"पोरांना आधी विचार, त्यांना काय वाटतं ते," सर म्हणाले. "आणि मध्ये बोलू नकोस."